शंकामास्तरांची हजेरी

शंकामास्तर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं मायाळू चेहऱ्याचे, पोरांना गूळ-शेंगदाणे वाटणारे पेन्शनर मास्तर उभे राहिले असतील. बसवा त्यांना खाली. आमचे मास्तर चहा प्यायच्या आधी कपात वाकून बघायचे आणि प्यायल्यावर पुन्हा बघायचे. वाटेत कोणी रामराम केला, की थोडं पुढं जाऊन थांबायचे, वळायचे आणि विचारायचे, "काऊन केला बे रामराम?"

मेहकरातलं निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. खरं नाव घराच्या पाटीवर राहिलं, लोकांच्या तोंडी शंकामास्तरच. पेन्शनीत गेल्यावर त्यांनी एक उद्योग काढला. इतिहासाची आवड असलेल्या कुठल्याशा मंडळानं मासिकातून हाक घातली होती: घरोघरी मोडीतले जुने लष्करी कागद कुजताहेत, कोणी हौसेनं ते बाळबोधीत उतरवून द्यावेत, पैसे मिळणार नाहीत. मास्तरांनी हात वर केला आणि सोबत माझाही धरून वर केला. मी नुकताच मॅट्रिकला आपटलो होतो. अक्षर बरं होतं आणि दिवसभर गावातल्या लोकांचे आवाज काढत फिरायचो. "तुह्या तोंडाले काम नाई, म्हणून ते दुसऱ्याचं करते," मास्तर म्हणाले. "ये उद्यापासून."

मग शंका घ्यायची पाळी लोकांची आली. "फुकट कोणी काही करते काय?" हा सवाल प्रत्येक ओसरीवर आमच्या आधीच पोचलेला असायचा. कोणाला वाटे, हे जमिनीचा हक्क काढून घेणार. कोणाला वाटे, पुरलेल्या धनाचा पत्ता हुडकताहेत. एका घरी तर कागद दाखवले, पण लांबून, घरवाल्यानं स्वतःच्या हातात घट्ट धरून, देवाचं दर्शन द्यावं तसे. मास्तरांना याचा राग यायचा नाही. उलट परतताना ते खूश असायचे. "हुशार माणूस होय. मी बी नसते देल्ले."

डोणगावच्या पल्याडच्या एका खेड्यातल्या पाटलांनी मात्र कागद द्यायचं कबूल केलं. लाल रुमालात बांधलेली, त्या गावातून फौजेत गेलेल्या लोकांची हजेरी. अट एवढीच, की कागद ओसरीबाहेर न्यायचे नाहीत आणि गावात बोंब झाली तर त्याच दिवशी रुमाल बंद. वरच्या पानांची वाळवीनं जाळी केली होती, पुढचा पावसाळा ती काढणार नव्हती. मास्तर त्या रुमालाकडं जसे बघायचे, तसं माणसाकडं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

ते मोडी वाचून सांगायचे, मी बाळबोधीत लिहायचो. मग लिहिलेलं मी मोठ्यानं वाचायचं आणि त्यांनी मूळ ओळीवर बोट ठेवून ताडून बघायचं. त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून मोठ्यानं म्हणजे चांगलं ओरडून. वर दम असायचाच: "दिसते तेवढंच लिहायचं. भोक आहे तिथं भोक लिहायचं." एकदा मी वाळवीनं अर्धं खाल्लेलं नाव अंदाजानं पुरं केलं. "तू पाह्यलं होतं काय बे त्याले?" असं म्हणून त्यांनी अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं.

दिवस लढाईचे होते. मलकापूरच्या टेसनाजवळ इंग्रजांच्या फौजेच्या भरतीवाल्यांचा तंबू पडला होता आणि आज ना उद्या जबरदस्तीनं नेणार, अशी बोलवा होती. तिथला नावं पुकारणारा हवालदार मी ऐकून आलो होतो. त्याचा आवाज घशात तयारच होता. एका दुपारी हजेरी वाचता वाचता तो बाहेर पडला. "राणोजी बिन सटवाजी! घोडं एक, भाला एक, हजर!" मास्तरांनी संशयानं बघितलं खरं, पण त्यांना छान ऐकू येत होतं, म्हणून गप्प बसले.

आता आमच्याकडं नातवाला आजाचं नाव ठेवतात. त्यामुळं दीडशे वर्षांपूर्वीचा राणोजी बिन सटवाजी त्या घडीला समोरच्या वावरात बैलामागं डवरा धरून चालला होता. ओसरीसमोरून जाणाऱ्या कोणीतरी त्याचं नाव ऐकलं, मग पुढचीही ऐकली. चहा येईपर्यंत गावातले सगळे बाप्ये ज्वारीत गडप! बायका दारादारात उभ्या. पाटील घामाघूम होऊन आले. "मास्तर, तुम्ही तं सरकारचे निघाले! आमच्या पोट्ट्यायची नावं लिहून राह्यले!" आणि त्यांनी रुमालाची गाठ मारली.

मास्तर त्या गाठीकडं बघत राहिले. मग उठले. "चावडीवर चला. आता मी वाचतो. ज्याचा पूर्वज असन, त्यानं 'हजर' म्हणायचं. येथून एक जरी माणूस नेला, तं मले खांबाले बांधा."

दिवस कलताना लोक एकेक करून ज्वारीतून निघाले आणि कडेकडेनं बसले, पळायला सोपं जावं म्हणून. मास्तरांनी मी उतरवलेल्या पानांवरून साध्या आवाजात साल वाचलं, राणोजीचं नाव वाचलं, त्याचं घोडं वाचलं. शेवटी हातात कासरा तसाच धरून आजचा राणोजी चाचरत बोलला, "हजर... म्हंजे, माह्या आजाचा आजा होय तो. घोडं पांढरं होतं काय त्याचं?"

"हाव. पांढरंच लिहिलं आहे."

दुसऱ्या नावाला आवाज जोरात आला. तिसऱ्याला तर दोघं भांडले, पूर्वज कोणाचा म्हणून. लोक सरकत सरकत जवळ आले. पाटलांनी कागदांचा रुमाल पुन्हा मास्तरांच्या मांडीवर ठेवला.

मग एक नाव आलं. खंडू बिन येसू, घोडं नाही, पायी. कोणीच बोललं नाही. मास्तरांनी पुन्हा वाचलं. त्या घरातलं गावात कोणी उरलंच नव्हतं. ती शांतता मला काही सोसेना. मागून मी म्हाताऱ्या शिपायाचा आवाज काढला, "हजर!" सगळी चावडी हसली. मास्तरांनी कागद मिटला.

मास्तर जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांचा आवाज मला हुबेहूब येतो, लोक मागतातही. मी काढत नाही. त्या दिवशी गाडीवाटेनं परतताना ते जे बोलले, तेवढं मात्र शब्दाला शब्द जपून ठेवलंय.

"कोण होय बे तू त्याचा? दुपारी हवालदार झाला, तं जिते माणसं पळाले. संध्याकाळी मेलेला झाला, तं गाव हासलं. तो माणूस पायी गेला. त्याच्यामागं हजर म्हणायले कोणी राह्यलं नाई, एवढीच त्याची खूण उरली होती. ते बी तू बुजवली. भोक आहे तिथं काय लिहायचं सांगतलं होतं?"

"भोक," मी म्हणालो.

"मंग तुह्या तोंडाले बी शिकव ते."