दोघी जावांचा फोटो

परवा आमच्या शाळेत फोटोंचं प्रदर्शन झालं... आणि उद्घाटनाआधीच गोंधळ उडाला. मी टोकावड्याजवळच्या शाळेत शिक्षक आहे, हे या ब्लॉगवरच्या मित्रांना ठाऊक आहेच. हे लिहायला मुद्दाम मुरबाडच्या सायबर कॅफेत येऊन बसलोय.

सुरुवात दिवाळीच्या सुट्टीत झाली. कल्याणच्या एका वाचनालयात केतकी नावाच्या मुलीने काढलेले फोटो लावले होते. वेळ काढायला म्हणून आत शिरलो, तर भिंतीवर आमच्याच भागातली माणसं... पावसात डोक्यावर इरलं घेऊन भात लावणारी, बांधावर भाकरी खाणारी, एसटीची वाट बघत पेंगणारी.

आपल्याकडे फोटो म्हणजे स्टुडिओत जायचं, पावडर थापायची आणि श्वास रोखून बसायचं. इथे कुणी कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नव्हतं. ही मुलगी दोन पावसाळे आमच्या शेजारच्या पाड्यावर राहिली होती आणि मला पत्ता नव्हता. खरं सांगतो, डोळे भरून आले. रोज दिसणारी माणसं मी पहिल्यांदा नीट बघत होतो.

तिला तिथेच गाठून गळ घातली, हे फोटो ज्यांचे आहेत त्यांना दाखवू या. ती तयार झाली, पण मनातून घाबरली होती. लोकांना आवडलं नाही, तर पुन्हा कॅमेरा घेऊन त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने जायचं?

परवा सकाळी फ्रेमा वर्गात लावल्या आणि आम्ही चहाला गेलो. तेवढ्यात आमच्या शिपायाने, अगदी आदराने, प्रत्येक फोटोला झेंडूचा हार घातला... चांगल्या धडधाकट, जिवंत माणसांच्या फोटोंना.

परत आलो तर लोक आत शिरलेले. केतकीचा चेहरा पांढराफटक पडला. मी धावत जाऊन हार काढायला लागलो, तर पाड्यावरच्या म्हाताऱ्या ठमाबाईंनी माझा हात धरला.

"ऱ्हावं द्या गुरुजी. आमचे आमी काढतो. अजून जित्ती हाव."

मग जो हशा पिकला म्हणता... ज्याने त्याने आपापला हार उतरवला. दोघातिघांनी तर ते शिपायाच्याच गळ्यात घातले.

ठमाबाई मात्र आपल्या फोटोपुढे थांबल्या. त्यात त्या आणि त्यांची जाऊ भिमाबाई, दोघी बांधावर एकाच फडक्यातली भाकरी खात होत्या. भिमाबाई गेल्या शिमग्याच्या सुमारास वारल्या. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. दहाव्याला नुसता दिवा ठेवला होता.

ठमाबाईंनी हार काढला नाही. हळूच एका बाजूला ओढला आणि फ्रेमच्या भिमाबाईंकडच्या कोपऱ्यावर अडकवला.

केतकी जवळ गेली. म्हणाली, आजी, त्यांचा एकटीचा फोटो वेगळा करून देऊ का?

"नको गो पोरी. एकटी कवा जेवली नाय ती." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझी येल आली का हार मधी सरकवा. झालं."

केतकीने फ्रेम उतरवली आणि त्यांच्या हातात दिली.

घरी येऊन बायकोला विचारलं, आपला दोघांचा फोटो कुठाय गं? लग्नातला सोडला तर एकही नाही... रविवारी केतकीला जेवायला बोलावलंय. कॅमेरा आण म्हटलंय, पण आम्हाला नीट बसायला सांगू नकोस.

केतकी, त्या दुपारी त्या बांधावर तू होतीस. तुझे फार फार आभार.