सक्तीचे सर

आमच्या कॉलेजात शाखा कुठलीही असो, 'समाज आणि मूल्ये' या विषयात पास झाल्याशिवाय पदवी मिळत नसे. तो शिकवणाऱ्या गृहस्थांना सगळे 'सक्तीचे सर' म्हणत. एकवीस वर्षं त्यांनी एकाच वहीतला मजकूर सांगितला आणि पोरांनी तो मुकाट उतरवून घेतला. शिक्षकांच्या खोलीत ते मला ऐकवत, "तुमच्या गणिताला चिटपाखरू नसतं. माझ्याकडे बसायला जागा नाही."

एका वर्षी तो विषय ऐच्छिक झाला. पहिल्या तासाला एवढ्या मोठ्या दालनात एकच मुलगी आली.

"हा विषय का घ्यावासा वाटला?" सरांनी कौतुकानं विचारलं.

"नाही सर, मी रसायनशास्त्राचा वर्ग शोधतेय."

दुसऱ्या कुणी निदान वही तरी बदलली असती. सरांनी महिनाभर प्राचार्यांकडे हेलपाटे घातले, मुलं बिघडतील म्हणून गळा काढला आणि सक्ती परत आणली.

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात म्हणाले, "विद्यार्थ्यांच्या प्रेमावरच मी इतकी वर्षं उभा राहिलो." आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, याची अजून शरम वाटते.