आत्याला वगळून छापलेली वंशावळ

सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर आमच्या वडिलांनी वंशावळ छापायचं मनावर घेतलं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. आमचा मूळपुरुष म्हणे मराठ्यांच्या फौजेबरोबर नागपूरला आला आणि दातांत तलवार धरून पुरातली कन्हान नदी पोहून गेला. याला पुरावा एकच, आत्याचं तोंड.

आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतली ती कायमची. कुणाला किती मुलं, कोण दत्तक गेला, कोण कळमेश्वरला जाऊन राहिला, सगळं तिला पाठ. दुपारी गहू निवडता निवडता ती सांगायची आणि वडील लिहून घ्यायचे. पक्की प्रत माझ्याकडे, कारण घरात माझं अक्षर बरं.

खरी कटकट आडनावाची. आम्ही ते एका तऱ्हेने लिहायचो, कळमेश्वरचे चुलते दुसऱ्या, आणि दोघांनाही आपलंच अस्सल वाटे. दोन वर्षं पत्रापत्री झाली, रुसवेफुगवे झाले. शेवटी दोन्ही छापायचं ठरलं.

छापून आलेला कागद मी आत्याला वाचून दाखवला, मूळपुरुषापासून माझ्या सहा महिन्यांच्या मुलापर्यंत. ऐकून ती वडिलांना म्हणाली, "यात मी कुठं आहे गा?"

"बाई, वंशावळीत पोरी नसतात लिहीत. तू सासरची."

"सासरी आठ महिने राहिली मी. इथं पन्नास वर्षं झाली."

वडील चष्मा पुसत बसले. मी कागदाची घडी घालून ठेवली, त्याची लाज मला आजही वाटते. रीत वडिलांची असेल, पण लेखणी माझ्या हातात होती. तिचं नाव लिहिलं असतं तर कुणी माझा हात धरणार नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते सुचलंच नाही. कुणी न पाहिलेला तो तलवारवाला मात्र मी सगळ्यात वर, ठसठशीत अक्षरांत लिहिला होता.

पुढच्या वर्षी कळमेश्वरचे चुलते आले. त्यांच्या शाखेतली एक पिढी लिहून घ्यायची राहून गेली होती आणि ती आत्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. वही उघडून ते तिच्यासमोर बसले.

"मले काहून विचारून राहिले?" ती म्हणाली. "मी सासरची. तुमच्या घरचं तुमाले ठाऊक."

आणि ती चहा ठेवायला आत गेली. दोन वर्षांनी वारली. त्या पिढीची जागा अजून कोरी आहे, आणि ती कोरीच राहावी असं मला वाटतं.