बंगालात राहिलेलं नाक

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात निपाणीत अशी बोलवा उठली की, देवाप्पाचं नाक एका बंगाली बाईनं काढून घेतलं. नाक म्हणजे चेहऱ्यावरचं नव्हे. ते होतं तिथंच होतं, चांगलं पोपटाच्या चोचीसारखं. गेला होता तो त्याचा वास. बाई जादूगार, देवाप्पावर तिचा जीव जडला, आणि तो घरी परत निघाला तेव्हा तिनं म्हणे त्याचा वास ओढून एका कुपीत भरला आणि वर बूच मारलं. कुपीचा रंग हिरवा होता. हे सांगणाऱ्यांपैकी मिरजेच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं, पण रंगाबद्दल सगळ्यांचं एकमत होतं.

बोलवा पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाली, हे सांगणं अवघड. शेजारच्या नागुबाईच्या तोंडून निघाली असं म्हणायला जागा आहे. पण तिला विचारलं तर ती म्हणायची, "मी कशाला सांगू? मी फक्त सगळ्यास्नी इचारत गेलो, खरं हाय का म्हणून."

आता एका नाकाचं एवढं कौतुक का, तर देवाप्पा तंबाखूचा पारखी होता. शेतकरी विडीची तंबाखू घेऊन वखारीत आला, की ढिगासमोर देवाप्पा उकिडवा बसायचा. चिमूट घ्यायची, तळव्यावर चोळायची, तीनदा हुंगायची. चिमूट परत ढिगावर ठेवली तर माल चांगला. खांद्यावरून मागं फेकली तर माल हलका. तोंडानं एक शब्द नाही. शेतकऱ्याचं अख्खं वर्ष त्या चिमटीत अडकलेलं असायचं. डोळे बांधून वास दिला तरी तंबाखू कुठल्या शिवारातली, कोणाच्या हातची, हे तो सांगायचा. त्याची बायको गंगव्वा त्याच वखारीत चाळणीवर बसायची, आणि नवऱ्याच्या नाकाचा तिला इतका अभिमान होता, की बाकीच्या बायका तिला माघारी 'नाकवाली' म्हणायच्या.

तर झालं असं. आदल्या डिसेंबरात बांगलादेश सुटला. देश सुटला खरा, पण हाती काय आलं? पूल पडलेले, गुदामं जळालेली, खरेदी करणारे व्यापारी पळालेले. कचेरीत फायली होत्या तर कारकून नव्हते, आणि कारकून होते तिथं बसायला खुर्ची नव्हती. मग आपल्या सरकारनं माणसं धाडायला सुरुवात केली. कोणी पूल उभे करायला, कोणी तारा ओढायला, कोणी धान्याची वाटणी लावून द्यायला. रंगपूरच्या बाजूला तंबाखू पिकते. पीक उभं होतं, घ्यायला कोणी नव्हतं. म्हणून तिथल्या नव्या सरकारचे दोन अधिकारी आणि आपल्याकडचे दोन, अशी मिळून एक कमिटी झाली. बाजार भरवायचा, मालाच्या दोन प्रती करायच्या, पहिली चांगली आणि दुसरी हलकी, प्रत्येक प्रतीला बांधलेला भाव द्यायचा. पण प्रत ठरवणार कोण? चारी साहेबांना पुस्तकातली तंबाखू तेवढी ओळखू येत होती. शोधत शोधत पत्र निपाणीला आलं.

वखारीच्या मालकांनी देवाप्पाचं नाव दिलं. आणि त्याच्याबरोबर खरेदीसाठी आपला दलाल मष्णू, यालाही धाडलं. नव्या देशाला नुसतं नाक देण्याइतके मालक दानशूर नव्हते.

शेंगाची चटणी बांधून देताना गंगव्वानं विचारलं, "तिकडची लढाई संपलीया न्हवं?"

"संपली म्हणूनच बोलीवत्यात. लढाईत तंबाखूवाल्याला कोण इचारतंय?"

फेब्रुवारीत गेलेला देवाप्पा मे महिन्यात परत आला, आणि दुसऱ्याच दिवशी वखारीत जाऊन बसला. समोर चिकोडीकडच्या बाबगोंडा पाटलाचा ढीग. हा बाबगोंडा म्हणजे जैन शेतकरी, तंबाखूला पोटच्या पोरीगत जपणारा. देवाप्पानं चिमूट चोळली. तीनदा हुंगली. सगळे त्याच्या हाताकडं बघत राहिले आणि हात तसाच राहिला.

"मालक," तो म्हणाला, "वास येत न्हाय."

आधी सगळे हसले. मग मालकांनी त्याला दुसरा ढीग दिला, तिसरा दिला. देवाप्पाचं एकच. तिकडं ताप आलता, त्यात नाक गेलं. आठ दिवस वाट बघून मालकांनी दुसरा पारखी नेमला आणि देवाप्पा त्याच वखारीत पाठीवर पोती घेऊ लागला.

गावाला गंमत सापडली, पण गंगव्वाच्या घरचा कणा मोडला. पंचेचाळिशीतला नवरा, कधी घागरभर पाणी न उचललेला, संध्याकाळी पाठ शेकत बसायचा. हे नाक परत आलं नाही तर माणूस दोन वर्षांत अंथरूण धरणार, हे तिला दिसत होतं. शिवाय दुसरं एक कुसळ होतं. कुपीवर तिचा विश्वास नव्हता. बाईवर मात्र थोडा थोडा बसत चालला होता. ताप आलता म्हणायचा, पण कपाळाला हात कोणी लावला, ते सांगायचा नाही. तिकडचं काही विचारलं की कूस बदलायचा.

नागुबाईनं तिला उपाय सांगितले. लाल मिरच्या तव्यावर जाळून बघितल्या. अख्खी गल्ली खोकली, देवाप्पाही खोकला, आणि म्हणाला, "ह्यो ठसका घशाला लागतोय गं, नाकाला न्हाय." हिंग उशीखाली ठेवला. एकदा तर सुकट ठेवली. देवाप्पा घोरत झोपला, गंगव्वाला मात्र झोप आली नाही.

असं वर्ष गेलं. पुढच्या मार्चात, एका संध्याकाळी गंगव्वा वखारीतून आली. देवाप्पा उंबऱ्यात बसला होता. ती त्याच्या अंगावरून आत गेली आणि तो सहज बोलून गेला, "आज बाबगोंडाचा माल आला वाटतं."

गंगव्वा जागच्या जागी थांबली. "तुमास्नी कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय."

"तुमी तर आज दिसभर गावाभाईर गाडी भरायला गेलता."

गंगव्वानं आपला पदर बघितला. दिवसभर चाळलेल्या तंबाखूची धूळ त्यावर होती. तिनं पदर नाकाला लावला. तिला नुसती तंबाखू लागली. बाबगोंडा काही लागला नाही.

"औंदा लई चांगला साधलाय त्यानं," आता लपवून उपयोग नव्हता म्हणून देवाप्पा म्हणाला. "कसा गेला?"

"हलका म्हणून गेला. नव्या पारख्यानं चिमूट मागं फेकली."

देवाप्पानं मान खाली घातली. गंगव्वा त्याच्यासमोर बसली. वर्षभर साठलेलं कुठून काढावं हे तिला कळेना, पण बायकोच ती.

"नाकाचं मागनं बघू. आदी बाईचं सांगा."

"बाई न्हवती गं. म्हातारा हुता."

मग त्यानं सांगितलं. पहिल्या बाजाराचा दिवस. टेबलावर दोन्ही सरकारांची निशाणं शेजारी शेजारी, नवी तागडी, चार साहेब. पहिलाच शेतकरी तोराब नावाचा म्हातारा. कोठार जळालं म्हणून शाळेच्या पत्र्यावर पानं वाळवलेली, आणि पोतं डोक्यावर घेऊन पायी आलेला. तंबाखू सोन्यासारखी. देवाप्पानं हुंगली. मागं मष्णू उभा होता, त्यानं कान खाजवला. निपाणीत मालक कान खाजवायचे, म्हणजे माल हलका ठरवायचा. वीस वर्षांची सवय. देवाप्पाचा हात आपोआप उठला आणि चिमूट खांद्यावरून मागं गेली. टेबलावर दुसरी प्रत लिहिली गेली.

म्हाताऱ्याला ह्या खुणेतलं काय कळणार? त्याला वाटलं, साहेबाच्या हातून चिमूट निसटली. तो देवाप्पाच्या मागं गेला, गुडघ्यावर बसला आणि मातीत पडलेली तंबाखू बोटांनी वेचायला लागला. फुंकर मारून माती उडवली, वेचलेलं परत पोत्यात घातलं. आणि देवाप्पाला हात जोडून हसला.

"वीस वर्सं मी मागं फेकत आलो गं," देवाप्पा म्हणाला. "मागं वळून कवा बघितलं न्हाय. तितं पैल्यांदा बघितलं."

त्यानं म्हाताऱ्याला परत बोलावलं आणि टेबलापाशी जाऊन सांगितलं, "साहेब, माझी चूक झाली. पैली प्रत लिवा." पुढचे दोन महिने मष्णूनं कान खाजवून लाल करून घेतला, पण देवाप्पानं तिकडं बघितलं नाही.

"आपल्या सरकारनं धाडलंय तुला," मष्णू एकदा जेवताना म्हणाला. "आपल्या माणसाचा फायदा बघ की रं."

"त्यांच्या सरकारनं बी बोलीवलंय. दोघांचं मिळून टेबल हाय ते, मष्ण्या. तितं बसून मालकाच्या नाकानं कसं हुंगू?"

मष्णू कंटाळून आधीच गावाकडं परतला. देवाप्पानं तिथल्या चार माणसांना पारख शिकवली. शेवटच्या बाजाराला ते चौघं आणि त्यांचे दोन साहेब, एवढेच टेबलाशी बसले. देवाप्पा लांब झाडाखाली विडी ओढत बसला होता. कोणी त्याला काही विचारायला आलं नाही, आणि त्याला लई बरं वाटलं.

"मग हितं बी खरं सांगायचं हुतं," गंगव्वा म्हणाली.

"हितं खरं सांगितलं तर मालक मला हाकलणार, आणि तुलाबी चाळणीवरनं उठवणार. आणि खोटं आता हात करंना. मग नाक गेलं म्हनलो."

"मला तरी सांगायचं. सुकट उशाला घेऊन झोपलो न्हवं मी."

"ती सुकट जुनी हुती," देवाप्पा म्हणाला. "पुन्यांदा आणशील तर ताजी आण."

आठवड्यातच मष्णू घरी आला. नवा पारखी चांगल्या मालात वाईट मिसळून बसला होता आणि विडीवाल्यांनी पोती परत धाडली होती. मालक देवाप्पाला परत बसवायला तयार होते, पगार दीडपट. शिवाय मष्णूनं गोकाककडचा एक मांत्रिक गाठला होता, त्याचा खर्चही मालक करणार होते.

देवाप्पा बायकोकडं बघायला लागला. दीडपट पगार म्हणजे पाठीवरचं पोतं उतरणार होतं. तिनं नुसतं "नाक हाय" म्हणायचा अवकाश होता. गंगव्वानं नवऱ्याच्या पाठीकडं एकदा बघितलं, आणि चहाचा कप मष्णूच्या हातात दिला.

"मष्णूअण्णा, तुमच्यापाशी काय लपवायचं? सगळं करून बसलो. ती बाई कुणालाच बधंना. परवा माझ्या सपनात आलती. म्हनली, लई मागं लागशीला तर त्या मष्णूचं बी नाक घेऊन जाईन. त्यो बी हुता की तितं."

मष्णूनं चहा अर्धा ठेवला. जाताना त्याचा हात दोनदा नाकाकडं गेला, हे नागुबाईनं आपल्या दारातून बघितलं, आणि संध्याकाळपर्यंत गावात कुप्या दोन झाल्या.

त्यानंतर देवाप्पाला पारखीसाठी कोणी बोलावलं नाही. चौऱ्याऐंशी सालापर्यंत तो पोती वाहत राहिला. मग गुडघे गेले, तेव्हा घरी बसला. गंगव्वा चाळणीवर जात राहिली.

बंगाली बाई कोणी नव्हती. कुपी नव्हती, तापही आला नव्हता. देवाप्पाचं नाक शेवटपर्यंत चांगलं होतं. चांगल्या मालाला हलका म्हणायचं नव्हतं, म्हणून त्यानं वास येत नाही असं सांगितलं.