दर सोमवारी मोरीपर्यंत

तळेघरचे ते काका कुठल्याही गाडीत बसत नव्हते, त्यामुळे त्यांना दवाखान्यात आणायचा प्रश्नच नव्हता. आमचा दवाखाना खाली, बाजाराच्या गावात, तीसेक किलोमीटरवर. मग दर सोमवारी सकाळच्या एसटीनं मीच वर जायला लागले. मानसशास्त्रात एम.ए. करून समुपदेशक म्हणून लागलेली माझी ती पहिली नोकरी. मोबाइल तेव्हा त्या डोंगरात पोचले नव्हते.

काका पन्नाशीचे. वीस वर्षं त्यांनी दुधाचा टेम्पो चालवला. दीड वर्षापूर्वी एका सकाळी घराजवळच्याच वळणावर शेजारच्या वाडीतला एक म्हातारा त्यांच्या टेम्पोखाली आला आणि जागीच गेला. धुकं होतं, माणूस दिसलाच नाही, असा काकांनी जबाब दिला आणि ते सुटले. त्यानंतर त्यांनी टेम्पो विकून टाकला. अन्नावरची वासना गेली, झोप उडाली, एसटीतसुद्धा पाय ठेवेनात. शेवटी काकूच खाली येऊन रडल्या, तेव्हा मला पाठवलं गेलं.

पहिल्या सोमवारी त्यांच्या घरात बसलो. मी, काका, काकू, सून, आणि चहाच्या निमित्तानं आलेल्या दोन शेजारणी. काका जमिनीवर रेघोट्या ओढत राहिले. अर्ध्या तासानं उठले आणि म्हणाले, "चला ताई, जरा पाय मोकळं करू."

मला मनातून आनंद झाला. ज्या जागेची भीती बसली आहे तिथं माणसाला हळूहळू, बोलत बोलत न्यायचं, असं मी पुस्तकात शिकले होते. रस्ता होता, वळण होतं, पेशंट स्वतःहून निघाला होता. वळणाच्या अलीकडे ओढ्यावरची एक मोरी, म्हणजे छोटा पूल, लागायची. दर आठवड्याला थोडं पुढं जायचं, दिवाळीपर्यंत वळण पार करायचं, असा तक्ताच मी वहीत आखला.

काका मोरीच्या कठड्याला हात लावायचे आणि मागं फिरायचे. दुसऱ्या सोमवारी तेच, पाचव्याही सोमवारी तेच. बोलणं म्हणाल तर भाताला लागलेल्या रोगाचं. ते चालायचे इतके भरभर, की त्यांच्या बरोबरीनं राहण्यातच माझा दम जायचा. जरा कुठं स्वतःबद्दल बोलायला लागले की मागून जीप यायची. त्या रस्त्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा.

"काय राव, पायी कुठं? बसा की! ताई, तुमी बी बसा."

काका नुसता हात हलवायचे आणि बोलणं तिथंच तुटायचं. गवताचे भारे घेऊन येणाऱ्या बाया थांबून माझी चौकशी करायच्या. एकीनं विचारलं, "कशाची डाक्टरीन हाय?" काका गडबडीनं म्हणाले, "शुगरची." पुढच्या सोमवारी दोन म्हातारे रिपोर्टचे कागद घेऊन माझी वाट बघत बसले होते.

खाली तर वेगळीच तऱ्हा. रजिस्टरात 'ठिकाण' या रकान्यात मी 'रस्ता' लिहिलं, ते मोठ्या डॉक्टरांनी लाल पेनानं खोडलं. "रस्त्यावर कसलं समुपदेशन? फरक किती पडला ते लिहा." काय लिहिणार? जुन्नरला घरी गेले की कापडाच्या दुकानात गादीवर बसलेले वडील गिऱ्हाइकांसमोर विचारायचे, "लोकांबरोबर रस्त्यानं हिंडायचा पगार देतात का गं तुला?"

सातव्या सोमवारी काकांनी पुन्हा कठड्याला हात लावला आणि माझा तोल सुटला.

"काका, मी दोन तास उभ्यानं एसटीतून येते. तुम्ही चार पावलंसुद्धा पुढं टाकायची नाहीत? ते वळण काय खाणार आहे का तुम्हाला?"

असं बोलायचं नसतं हे मला ठाऊक होतं. काकांनी मात्र पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"वळणाला कोण भितंय, ताई? वळणाचं काय बी न्हाई. मी त्याला..."

तेवढ्यात वळणावरून जीप आली. भोंगा असा वाजला की पुढचं काहीच ऐकू आलं नाही. फक्त ओठ हलताना दिसले.

"काय म्हणालात?"

"काय न्हाई. तुमची गाडी चुकंल."

परतताना मी तीनदा विचारलं. ते भाताबद्दल बोलत राहिले. एसटीत बसल्यावर मला रडू आलं, रागानं.

पुढच्या सोमवारी ते घरात नव्हते. त्याच्या पुढच्याही नव्हते. तिसऱ्या सोमवारी काकूंनी त्यांना भाताच्या खाचरांतून बोलावून आणलं. मी म्हटलं, "आज रस्ता नको. तुमच्या बांधानं चालू."

बांध वीतभर रुंद. दोघांनी शेजारी चालणं अशक्य. काका पुढं, मी मागं, दोन्ही बाजूंना कापणीला आलेला भात. ते चिखल बघायला सांगायचे, "हितं घसरतंय." बराच वेळ तेवढंच. मग मान न वळवता ते बोलले.

"मला दिसला व्हता तो."

मी त्यांच्या मागं चालत राहिले.

"धुकं व्हतं, पर दिसला व्हता. ब्रेक लागला असता. दुधाला उशीर झालेला. म्हटलं, हारन ऐकून हटंल. पोलिसांला सांगितलं, दिसला न्हाई. बायकोला बी त्येच सांगितलं." ते थांबले. "आता काय करू, सांगा."

मला त्यांच्या चेहऱ्याऐवजी पाठ दिसत होती, घामानं चिकटलेला सदरा दिसत होता. सात सोमवार मी या माणसाला भीती घालवायला त्या वळणाकडे ओढत होते, आणि त्यांना भीती नव्हतीच. मी वहीतलं एक वाक्य म्हटलं, मन मोकळं केलंत हे चांगलं झालं, अशा अर्थाचं. त्यांनी मान हलवली आणि चालू लागले. काम होऊ देत नाहीत म्हणून मी काकूंच्या शेजारणींचा, जीपवाल्यांचा, डॉक्टरांचा राग केला होता. आता सगळा राग माझ्या त्या वाक्यावर आला.

पुढच्या खेपेला काकूंनीच दारात सांगितलं. काकांनी त्यांना सगळं बोलून दाखवलं होतं. दोघं पायी त्या म्हाताऱ्याच्या घरी जाऊन आली होती. त्याच्या मुलापुढं काका घरात तासभर बसले होते, काकू बाहेर उभ्या होत्या. आत काय बोलणं झालं ते त्यांनाही माहीत नव्हतं. "काल भाकरी खाल्ली दीड," एवढं त्या म्हणाल्या.

गाडीत ते माझ्या माहितीत तरी पुन्हा बसले नाहीत. रजिस्टरात डॉक्टरांनी 'सुधारणा नाही' लिहून ती केस बंद केली, आणि मी भांडूनही त्यांनी ते बदललं नाही.

काकूंनी दारात हे सांगितलं त्याच दिवशी मी खाचरात जाऊन काकांना गाठलं होतं. त्या घरात काय झालं, विचारलं. ते विळा घेऊन वाकलेले होते.

"ताई, कापायला माणसं न्हाईत," ते म्हणाले. "फुडच्या सोमवारी येऊ नका."