तराजूताईचा व्यायाम

दोघी बहिणींमधल्या थोरलीला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे तराजू. हे नाव धाकटीच्या नवऱ्याने ठेवलं होतं आणि ते तिला इतकं चपखल बसलं की गल्लीतल्या निम्म्या लोकांना तिचं खरं नाव आठवेनासं झालं. या बाईच्या हातात काहीही आलं की आधी त्याचे दोन भाग व्हायचे. मग ते सफरचंद असो, नाहीतर साबणाची वडी. एकदा दुकानातून भेट मिळालेला मोठा टॉवेलसुद्धा तिने मधोमध कापला, कडा दुमडून शिवल्या आणि एक तुकडा धाकटीला दिला. दोन्हींपैकी एकाही टॉवेलने धड अंग पुसून व्हायचं नाही, पण न्याय झाला होता.

आईवडील लवकर गेले तेव्हा धाकटी अजून फ्रॉकमध्ये होती. थोरलीनेच तिला वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं, आणि ती नवऱ्यासह त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहील अशी व्यवस्थाही केली. स्वतः खाली राहिली. तिने लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की धाकटीचा नवरा म्हणायचा, "नवऱ्याचे दोन भाग करता येत नाहीत, म्हणून राहिलं." यावर सगळ्यात मोठ्याने तीच हसायची.

तिचं काम एका दुकानात, पडद्यांचं. खिडकीची मापं घ्यायची, कापड बेतायचं, चुण्या घालून शिवायचं, आणि शेवटी शिडीवर चढून पडदा टांगायचा. शिवणाऱ्या बायका त्या दुकानात आणखी होत्या, पण टांगायला हीच लागायची. जाड मखमलीचा गठ्ठा खांद्यावर टाकून ती शिडी चढायची आणि खाली उतरून लांबून बघायची, तेव्हा एकही चुणी दुसरीपेक्षा उणी-अधिक नसायची. सभागृहांची मोठी कामं दुकानाला तिच्यामुळे मिळत.

मग दम लागायला लागला. आधी शिडीवर, मग जिन्यात, मग नुसतं बोलतानाही. धाकटीचंही तेच. तपासण्या झाल्या आणि मूळ सापडलं ते थेट लहानपणी. एका हिवाळ्यात दोघींचा घसा धरला होता, ताप आला होता, सांधे सुजले होते. ताप गेला, पण जाताना दोघींच्याही हृदयाच्या एकेका झडपेला धक्का लावून गेला. ती झडप इतकी वर्षं हळूहळू आखडत होती. "आजारसुद्धा वाटून घेतलात," धाकटीचा नवरा म्हणाला, पण या वेळी कुणी हसलं नाही. काही महिन्यांच्या अंतराने दोघींची ऑपरेशनं झाली आणि धातूच्या नव्या झडपा बसल्या. शांत खोलीत दोघी शेजारी बसल्या की त्यांच्या छातीतली टिकटिक ऐकू यायची.

दुकानाच्या मालकाने थोरलीची जागा धरून ठेवली होती. "शिडी चढता आली की ये," तो म्हणाला. "पण नाट्यगृहाचं काम हातात घेतलंय. तिथले पडदे टांगायची वेळ येईपर्यंत नाही जमलं, तर मला त्या कामाला दुसरं माणूस कायमचं ठेवावं लागेल." तो वाईट माणूस नव्हता, त्याने खरं काय ते सांगितलं. बसून शिवण्याचं काम थोरलीला मिळालंच असतं, पण शिडीशिवाय ती स्वतःला कोण समजणार होती?

त्याच सुमाराला रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघींना बोलावलं. झडप बदललेल्या लोकांवर एक अभ्यास चालू होता. अर्ध्या लोकांना रुग्णालयात बोलावून देखरेखीखाली व्यायाम द्यायचा, आणि अर्ध्यांना नेहमीप्रमाणे गोळ्या आणि घरी जपून राहण्याचा सल्ला. शेवटी दोन्ही गटांची तुलना. कुणी कुठल्या गटात जायचं हे संगणक ठरवणार. दोघींनी होकार दिला. संगणकाने थोरलीला व्यायाम दिला आणि धाकटीला घर.

"म्हणजे मला आहे आणि तिला नाही?" थोरलीने विचारलं.

"चिठ्ठी टाकल्यासारखंच आहे ते, ताई. आमच्याही हातात नसतं."

"ठीक आहे. मी घरी जाऊन तिला शिकवीन."

डॉक्टरीणबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "ते मात्र अजिबात नको. घरच्या गटानेही व्यायाम केला, तर व्यायामाने फरक पडतो की नाही ते आम्हाला कळणार कसं? उद्या आणखी हजारो लोकांना काय सांगायचं ते यावरून ठरणार आहे. आणि देखरेख नसताना तिला काही झालं तर? मला शब्द द्या."

थोरलीने शब्द दिला. आता तिचा शब्द म्हणजे शब्द. व्यायामाच्या वर्गात काय होतं याबद्दल तिने धाकटीला एक अक्षर सांगितलं नाही. पण तराजू काही स्वस्थ बसत नव्हता. जी गोष्ट वाटता येत नाही ती एकटीने कशी घ्यायची? तिने आपल्या डोक्याने त्यावर तोड काढली, आणि ती तोड तिच्याशिवाय जगात दुसऱ्या कुणाला सुचली नसती. धाकटीला व्यायाम मिळत नाही ना, मग आपणही तो घ्यायचा नाही. वर्गाला जायचं, कारण कबूल केलंय. घ्यायचा मात्र नाही.

वर्ग तळमजल्यावरच्या एका लांबट खोलीत भरायचा. तिथे सायकली होत्या, चालण्याचे पट्टे होते, एका भिंतीशी ठेंगणी पायरी होती. वर्ग घेणारी फिजिओ उत्साही आणि सालस मुलगी होती. नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्यांमुळे या पेशंटांच्या नाडीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून दम किती लागला हे ती त्यांनाच एका तक्त्यावरच्या आकड्यात विचारायची. आकडा लहान आला की सायकल थोडी जड करायची, मोठा आला की तशीच ठेवायची. सगळा कारभार पेशंटच्या सांगण्यावर. थोरलीने हे पहिल्याच दिवशी हेरलं. फिजिओ जवळ आली की ती जोरजोरात श्वास घ्यायची आणि तक्त्यावरचा भलामोठा आकडा सांगायची.

"अजून एवढा दम लागतोय, ताई?"

"काय करणार बाळा, वय झालं."

आणि सायकल हलकीच राहायची. शेजारच्या सायकलवरचे निवृत्त पोस्टमन आजोबा आठवड्या-आठवड्याला पुढे सरकत होते, आणि ही त्यांच्याहून लहान असून वारा घेत बसल्यासारखी पायडल फिरवत होती. घरी आल्यावर धाकटी विचारायची, "कसं झालं गं?" थोरली म्हणायची, "काही विशेष नाही." हे मात्र अक्षरशः खरं होतं.

मध्यावरच्या तपासणीत व्हायचं तेच झालं. वर्गातली सगळी माणसं सुधारली होती आणि एकही दिवस न चुकवलेली थोरली होती तिथेच होती. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. इतका नियमित व्यायाम करूनही दम जात नाही, म्हणजे नवी झडपच नीट उघडत नसेल. कदाचित तिच्यावर रक्ताची गाठ धरली असेल. छातीवरून केलेल्या सोनोग्राफीत काही सापडलं नाही, पण त्यांचं समाधान होईना. घशातून नळी घालून आतून बघायचं ठरलं. "वेळ पडली तर छाती पुन्हा उघडावी लागेल," त्या म्हणाल्या, आणि हे नेमकं सोबत आलेल्या धाकटीने ऐकलं.

धाकटी मुळात भित्री. ऑपरेशन झाल्यापासून ती जिनासुद्धा एकेक पायरी थांबून उतरायची. ती मटकन बाकावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. "आधी माझी काढा झडप," ती डॉक्टरीणबाईंना सांगू लागली, "माझी चांगली चालतेय, ती हिला बसवा."

आतापर्यंत थोरली आपल्या न्यायबुद्धीवर खूश होती. आता समोर बहीण रडत होती, डॉक्टरीणबाई रात्रंदिवस हिच्या झडपेचा विचार करून थकल्या होत्या, आणि झडप तर ठणठणीत होती. तिने मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. मोठे आकडे, हलकी सायकल, सगळं.

डॉक्टरीणबाईंना हसावं की चिडावं ते कळेना. शेवटी त्या म्हणाल्या, "चूक आमचीही आहे. एका घरातल्या दोघींना वेगवेगळ्या गटात टाकण्याआधी आम्ही विचार करायला हवा होता."

"मग आता मला काढून टाकणार?"

"नाही. ज्या गटात आलात त्याच गटात तुमची गणती होणार. माणसं अशीही वागतात, हेही अभ्यासात यायला हवं. पण ताई, उरलेले दिवस तरी खरं बोला."

धाकटी मात्र रडता रडता थांबली होती, आणि आता तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"तुला कुणी सांगितलं मला व्यायाम हवा होता म्हणून?" ती ओरडली. "संगणकाने मला घरी बसवलं तेव्हा मी सुटले म्हटलं! त्या सायकलीच्या नुसत्या विचाराने माझे हातपाय गार पडतात. एकदा तरी विचारलंस मला? कधीच विचारलं नाहीस. अर्धा टॉवेल, अर्धं सफरचंद. आयुष्यभर तू अर्धपोटी राहिलीस आणि मी मिंधी राहिले. मी मागितलेलं नव्हतं गं ते!"

थोरलीला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट हे की धाकटी खरं बोलत होती. दोघी त्या दिवशी घरी एकाच रिक्षाने आल्या, पण दोन टोकांना बसून.

पुढल्या वर्गात फिजिओने दम विचारला तेव्हा थोरलीने खरा आकडा सांगितला. फिजिओने डोळे मोठे केले आणि सायकल जड केली. मग आणखी जड. पहिल्या आठवड्यात थोरलीच्या नाकी नऊ आले, मांड्या भरून आल्या, पोस्टमन आजोबांनी चेष्टा केली. पण अंग जुन्या कामाला सरावलेलं होतं, ते हळूहळू जागं झालं. ती पायरीवर चढू-उतरू लागली, मग हातात वाळूची पिशवी घेऊन चढू लागली. घराच्या जिन्यात आता मध्ये टेकावं लागत नव्हतं. घरी कुणी विचारलं की ती सरळ सांगायची, "आज छान झालं." हे सांगताना पहिल्यांदा तिची जीभ अडखळली होती.

शेवटच्या चाचणीला दोघींना एकाच दिवशी बोलावलं. लांब व्हरांड्यात दोन टोकांना दोन खुणा, आणि ठरलेल्या वेळात जमेल तेवढ्या फेऱ्या मारायच्या. वेळ मोजणाऱ्या बाईंना कोण कुठल्या गटातलं हे ठाऊक नव्हतं. त्या ना शाबासकी देत, ना घाई करत. बघणाऱ्यांनीही काही बोलायचं नाही, असा नियम.

आधी धाकटी चालली. जपून, भिंतीला धरून, मध्ये दोनदा थांबत. संपल्यावर घाम पुसत कडेच्या खुर्चीवर बसली. मग थोरलीची पाळी आली.

तिने सुरुवात केली आणि पहिल्याच फेरीत धाकटीच्या समोरून जाताना तिचे पाय मंदावले. तिला ते कळलं, तरी पाय ऐकेनात. धाकटी दमून बसलेली असताना तिच्यासमोरून ताठ, भरभर कसं जायचं? दुसऱ्या फेरीला ती आणखी हळू झाली. नाट्यगृहाचं काम, मालकाचा शब्द, सगळं तिला आठवत होतं, आणि तरी ती बहिणीच्याच चालीने चालत होती.

धाकटीने ते पाहिलं. बोलायची बंदी होती. तिने पर्स उचलली, उठली, व्हरांड्याच्या टोकाचं दार उघडून बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

मग थोरली चालली. आधी चाल सुधारली, मग हात हलू लागले, मग पदर खोचून ती अशी निघाली की वेळ मोजणाऱ्या बाईंना मान इकडून तिकडे फिरवायला लागली. वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा ती धापा टाकत होती, पण तिला बसावंसं वाटत नव्हतं. शिडी तिची होती. ती जमणार होती.

ती दार उघडून बाहेर आली. धाकटी पायऱ्यांवर बसली होती.

"माझ्यापुढे गेलीस?" तिने विचारलं.

"गेले."

"किती?"

"बरीच."

"बरं झालं. आता अभ्यास संपला म्हणून आमच्या घरच्या गटालाही वर्गाला बोलावलंय. मी नाव घालून आलेय. भीती वाटतेय, पण मीच जाणार. तू सोबत यायचं नाहीस."

थोरलीने मान हलवली आणि एकदम तिला रडू कोसळलं. आनंदाचं होतं की कसलं, तिलाही सांगता आलं नसतं. धाकटीने पर्समधला रुमाल काढून अख्खा तिच्या हातात दिला.

"रड," ती म्हणाली. "पण हे तुझं तू एकटीनेच रड. मला अर्धं नको."