रणधीरच्या पिशवीतले मासे

ऑनलाइन खेळात माझा एक योद्धा आहे, रणधीर. तीन वर्षं मी त्याला वाढवला. त्याच्या पिशवीत सामान मावेना, तेव्हा उरलेलं ठेवायला म्हणून मी दुसरं पात्र तयार केलं, एक बुटका म्हातारा. नावाचाही फार विचार केला नाही. गोणी.

हल्ली मी गोणी होऊनच खेळतो. तो नदीकाठी गळ टाकून बसतो. बहुतेक वेळा गळ रिकामाच वर येतो.

"ज्याच्यापायी तीन वर्षं जेवण गार केलंस, तो कुठे गेला?" मागून जाताना बायकोनं विचारलं.

"आहे की," मी म्हणालो.

आहे, आणि त्याच्यात खोट काहीच नाही. त्याच्या तलवारीपुढे कुणी टिकत नाही, त्याला एकही दरवाजा बंद नाही. त्याला आता माझ्याकडून काही नको आहे, एवढंच. एका मित्राला नोकरी नव्हती तेव्हा मी त्याला रोज फोन करायचो. त्याचं बस्तान बसल्यावर ते कधी थांबलं, मला आठवत नाही.

काल गोणीची पिशवी माशांनी भरली. टाकून द्यायला जीव होईना, म्हणून कित्येक महिन्यांनी रणधीरला उघडलं. बाजाराच्या वेशीपाशी, सोडला होता तिथेच, तो चिलखत घालून उभा होता. जुनं सामान मी मागेच विकून टाकलं होतं, त्यामुळे त्याच्या पिशवीत आता बरीच जागा होती. मासे तिथे ठेवले आणि पुन्हा नदीवर जाऊन बसलो.